परचुरे सरांची कवळी

आता जे लिहितो आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेले नाही. पत्नीला ठाऊक नाही, मुलीला नाही, सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या मित्रांना तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — शिक्षकाची खोड म्हणा — एखादी गोष्ट क्रमाने, स्वच्छ मांडून दाखवल्याशिवाय ती पुरी झाली असे मला वाटत नाही, म्हणून. मध्ये कुठे अडखळलो तर समजून घ्या. नाही — समजून घेऊ नका. नुसते वाचा.

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. आडनाव इंगोले. बिबवेवाडीतल्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. टाळेबंदीच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात मी एका वृद्ध माणसाची कवळी माझ्या स्वयंपाकघरात दडवून ठेवली होती. ऐकायला गंमत वाटते, नाही? शाळेतल्या पोराने करावी तशी खोडी. पण कवळी हा माझा गुन्हा नव्हे. गुन्हा तिच्या पुढे आहे. तिथवर जायला मला थोडा वेळ लागेल.

त्या माणसाचे नाव परचुरे. पुण्यातल्या एका पेठेतल्या शाळेत आम्ही दोघे मराठीच शिकवत होतो. ते ज्येष्ठ, मी नवा. मी वाशीमकडच्या खेड्यातला. आमच्याकडे ‘ण’ जवळजवळ नसतोच. पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. पदवी होती, गुण उत्तम होते, पण जीभ गावची होती. पहिल्याच महिन्यात शिक्षकांच्या खोलीत परचुरे सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “इंगोले, तुमचा ‘ण’ गावी गहाण पडलाय का हो? या दिवाळीत सोडवून आणा.” सगळी खोली हसली. मी पुढे आरशासमोर उभा राहून ‘ण’ शिकलो. जीभ वळवून टाळूला लावायची, मग सोडायची. बाण, कोण, पाणी. सर बरोबर होते — आणि हीच त्यातली अडचण. बरोबर असलेल्या माणसावर उघडपणे रागावता येत नाही. तो राग मग कुठे जातो?

तेवढ्यावर भागले असते तर मी विसरलोही असतो. पण एकदा माझी आई शाळेत आली. गावाहून एकटी, स्वारगेटला उतरून विचारत विचारत. फाटकातून आत शिरली आणि व्हरांड्यात जे पहिले गृहस्थ दिसले त्यांना तिने विचारले. ते परचुरे सर होते. त्यांनी तिला अतिशय नम्रपणे माझ्या वर्गापर्यंत आणून सोडले, ‘या आई, इकडे’ असेही म्हणाले. दुपारी मी सातवीच्या वर्गावर गेलो. माझ्या आधीचा तास सरांचा होता. फळ्यावर त्यांच्या देखण्या अक्षरात वाक्य होते — ‘माहा पोरगा कोन्या खोलीत शिकवते जी?’ आणि त्याखाली : ‘शुद्ध करून लिहा.’

पन्नास मुलांनी माझ्या आईचे वाक्य शुद्ध केले होते. मी फळा पुसला आणि तास घेतला. काय शिकवले ते आठवत नाही. आईला ते कधीच कळले नाही. ती शेवटपर्यंत सांगत असे, तुह्या शाळेतला तो उंच मास्तर लई भला मानूस हाय.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी कोणी जन्मभर राग धरतो का? मी धरला. त्याची निगा राखली. रोज पाणी घातले म्हणा ना.

निवृत्तीनंतर दैवाने असे केले की परचुरे दांपत्य आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायला आले. सर वाकले होते, पण बदलले नव्हते. लिफ्टमधल्या सूचनेवर लाल पेनने ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करत. मला भेटले की म्हणत, “अहो इंगोले, आता तुमच्या नळाला शुद्ध पाणी येतं हं!” मी मान डोलवत असे. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई शांत होत्या. त्यांना ऐकू फार कमी येई. कानाचे यंत्र शिट्ट्या मारते म्हणून त्या ते काढून ठेवत. जगात एकाच माणसाचे बोलणे त्यांना नीट उमगे — नवऱ्याचे. त्यांच्या ओठांकडे पाहायचे, त्यांचा तो कोरीव उच्चार टिपायचा, आणि मग शेजाऱ्याला उत्तर द्यायचे. दुसरा कोणी बोलला की त्या सरांकडे वळत आणि सर तेच वाक्य पुन्हा, स्वच्छ म्हणत. मी हे रोज पाहत होतो. ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणायची सोय मला नाही, एवढ्यासाठी हे आधीच सांगून ठेवतो.

मग टाळेबंदी आली. सोसायटीने ठरवले की पासष्टीच्या वरच्या कोणी फाटकाबाहेर पडायचे नाही. मला पासष्टीला अवकाश होता आणि हातात वेळच वेळ होता. पत्नी शहराबाहेर मांजरी गावी मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेली, ती तिकडेच अडकली. तेव्हा इमारतीतल्या ज्येष्ठांची दूध-भाजी-औषधे आणायचे काम मी अंगावर घेतले. सकाळी दुकाने उघडी असत तेवढ्या वेळात रांगेत खडूने आखलेल्या चौकोनात उभे राहायचे, पिशव्या भरायच्या आणि प्रत्येकाच्या दारापुढच्या स्टुलावर ठेवून मागे सरायचे. लोक मला दुवा देत. मला ते आवडे. परचुरे सरांचा फोनही रोज येई — “इंगोले, दोन जुड्या मेथी, आणि देठ कोवळे बघून घ्या.” मी आणत असे. तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हते. खरेच नव्हते का? असो.

एका सकाळी धुताना सरांच्या हातून वरची कवळी बेसिनमध्ये पडली आणि मधोमध तडकून तिचे दोन तुकडे झाले. दवाखाने बंद. त्यांच्या दंतवैद्याने फोनवर सांगितले की कवळ्या सांधणारे एक कारागीर स्वारगेटच्या पलीकडे घरूनच काम करतात, कुणाच्या तरी हाती पाठवा. कुणाच्या? अर्थात माझ्याच. सरांनी ते तुकडे स्टीलच्या डबीत घालून स्टुलावर ठेवले. नाकाबंदीवर हवालदाराने स्कूटर अडवली. “काका, डबीत काय हाय?” मी झाकण उघडले. तो दोन पावले मागे गेला. “आयला! जावा, जावा. बंद करा ते आधी.” दुसऱ्याच दिवशी कारागिरांनी कवळी सांधून दिली. सांधा बोटाला लागतसुद्धा नव्हता.

मी ती घेऊन इमारतीत शिरलो. पहिल्या मजल्यावर थांबलो. दारापुढे ते स्टूल होते. डबी त्यावर ठेवायची, घंटी दाबायची आणि वर जायचे — एवढेच काम होते. मी घंटी न दाबता जिना चढलो. का? त्या क्षणी मी काही ठरवले नव्हते. पाय चढत गेले एवढेच मला आठवते. आणि घरात आल्यावर चहाच्या डब्याशेजारी डबी ठेवताना मला फार — फार बरे वाटले.

संध्याकाळी फोन आला. मी म्हणालो, “सर, त्या गल्लीला पत्रे लागलेत. सील केलीय. उघडली की लगेच आणतो.” पुढे आठवड्याभरात ती गल्ली खरोखरच सील झाली. मला केवढे समाधान झाले म्हणून सांगू! मी खोटे बोललो नव्हतो, फक्त थोडा आधी बोललो होतो. माणूस स्वतःला काय काय पटवतो, नाही?

इथे थोडे व्याकरण सांगायला हवे. कंटाळू नका, त्यावाचून पुढचे कळणार नाही. वर्णांना उच्चारस्थाने असतात. क, ग कंठातून येतात; प, ब, म ओठांतून. ट, ड, ण हे मूर्धन्य — त्यांना टाळूचा वरचा भाग लागतो, दात लागत नाहीत. आणि त, थ, द, ध, न, ल, स हे दंत्य. जीभ वरच्या दातांना टेकल्यावाचून ते फुटत नाहीत. म्हणजे पाहा : सरांचा ‘ण’ शाबूत होता. गेला होता तो ‘न’. माझ्या गावचा ‘न’.

मी हे योजले नव्हते. पण उमगल्यावर मी ते सोडले असते, तर मला आज हे लिहायचे कारण नव्हते.

सर फोनवर भाजी सांगत. ‘मेथी’ म्हणायला जात आणि नुसती हवा येई. मी म्हणे, “काय म्हणालात सर? कळलं नाही.” ते पुन्हा म्हणत. “सर, जरा सावकाश. एकेक अक्षर सुटं करून बोला.” ते सुटे करत. “छे, नाही हो कळत. नीट उच्चार करा ना.” ‘उच्चार’ हा शब्द मी मुद्दाम निवडत असे. ते संतापत नसत. चूक त्यांच्या बाजूला होती. तोंड त्यांचे पोकळ होते. बरोबर मी होतो.

आणि मला सगळे कळत होते. पहिले दोन-चार दिवस सोडले तर प्रत्येक शब्द. मुलांचे बोबडे, भित्रे, अर्धे उच्चार ऐकण्यातच माझे आयुष्य गेले. त्या बोलण्याला माझा कान सहज सरावला. त्या दिवसांत परचुरे सरांचे बोलणे नीट समजणारा जगात मी एकटाच होतो.

मग सरांनी युक्ती केली. ते दंत्य वर्ण टाळू लागले. मेथी नाही, दोडका नाही, तोंडली नाही — कोबी. कोबी, भेंडी, बटाटे. तांदूळ संपले तेव्हा त्यांनी पोहे मागितले. चिठ्ठी लिहून स्टुलावर ठेवता आली असती, पण बोलता येत नाही हे माझ्यापुढे लिहून कबूल करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आठवड्यामागून आठवडे ते दोघे कोबी खात होते, कारण ‘कोबी’ म्हणता येत होते. एकदा जाळीच्या दारातून सुनंदाबाईंचा आवाज ऐकू आला, “अहो, पुन्हा कोबीच? आणि कालपासून विचारतेय, इंगोले तांदूळ का देत नाहीत?” सरांनी काहीतरी उत्तर दिले. बाई म्हणाल्या, “काय?” त्यांनी पुन्हा सांगितले. “काय?” मग सरांची पावले आतल्या खोलीकडे गेली. त्या घरातले बोलणेच थांबले होते. बाई एकट्या पडल्या होत्या — नवरा समोर असून. माझे त्यांच्याशी काय वैर होते? काहीच नाही. मी कोबीची पिशवी स्टुलावर ठेवली आणि वर गेलो. मुद्दाम गड्डा मोठा बघून आणला होता.

सुनंदाबाईंना ताप आला. तपासणीत आजार निघाला आणि रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. सरांना दाराबाहेर पडायची बंदी. महापालिकेचा कागद दारावर चिकटला. त्यांची मुलगी खराडीला, तिची इमारत सील, कडेवर लहान मूल. तिने मला फोन केला. “काका, तुम्ही आहात म्हणून मी जरा तरी निवांत आहे. बाबांकडे बघाल ना?” मी म्हणालो, “अगं, ते सांगायला हवं का?”

तेव्हा तरी — तुम्ही हेच विचारणार. तेव्हा तरी डबी खाली नेऊन ठेवायची. ‘आजच गल्ली उघडली सर’ एवढे म्हणायचे. कुणालाही संशय आला नसता. मी तसे ठरवलेही. उद्या देऊ, असे ठरवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. खरे कारण सांगू? त्यांनी अजून विनवणी केली नव्हती. फोनवर ते फक्त “कवळी?” एवढेच विचारत आणि मी ‘नाही’ म्हटले की फोन ठेवत. मला त्यांच्या तोंडून याचना ऐकायची होती. तुटक्या, पोकळ, दात नसलेल्या शब्दांत — पण याचना.

आता त्या सकाळकडे येतो.

मी दूध घेऊन पहिल्या मजल्यावर गेलो. लाकडी दार उघडे होते, जाळीचे बंद. सर बाहेरच्या खोलीत, माझ्याकडे पाठ करून, मोबाइल समोर धरून उभे होते. पडद्यावर आधी एक परिचारिका होती. डोळ्यांखेरीज तिचे काही दिसत नव्हते. ती म्हणत होती, “काका, आजींना जरा सांगा ना, मास्क काढू नका म्हणून. ऑक्सिजन उतरतोय. आमचं काहीच ऐकत नाहीत हो, सारखा ओढून काढतात. तुमचंच ऐकतील.” मग तिने फोन वळवला.

सरांनी हाक मारली. सुनंदा. स, न, द — तिन्ही दंत्य. जन्मभर ज्या नावाने हाक मारली त्यातले एकही व्यंजन त्यांच्या ताब्यात उरले नव्हते. बाई पडद्यात डोळे बारीक करून पाहत होत्या. सर बोलत राहिले. मास्क काढू नकोस. तो राहू दे. मी न्यायला येतो. मला शब्द न् शब्द कळत होता. आणि बाई म्हणाल्या, “अहो, काय म्हणताय? मला काही कळत नाहीये. नीट बोला की.”

त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान ओरबाडले, पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि पडद्यापुढे धरले. बाईंचा चष्मा घाईत घरीच राहिला होता. मला तो दारातून फ्रिजवर दिसत होता. मग सर वळले. त्यांना जाळीत मी दिसलो. दोन पावलांत ते दाराशी आले, मोबाइल दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला आणि म्हणाले — अगदी स्पष्ट म्हणाले, मला स्पष्टच होते ते — “इंगोले, तुम्ही सांगा. नर्सला सांगा, सुनंदाचा हात धरून खुणेनं समजाव म्हणावं. तुमच्या पाया पडतो.”

ही ती याचना. मिळाली मला.

मी म्हणालो, “काय म्हणालात सर? कळलं नाही.”

ते पुन्हा म्हणाले. मी मान हलवली. पलीकडून बाई म्हणाल्या, “बरं, राहू द्या,” आणि परिचारिका म्हणाली, “ठेवते हां काका, बाकीचे पेशंट आहेत.” पडदा काळा झाला. मी दूध स्टुलावर ठेवले.

त्याच आठवड्यात सुनंदाबाई गेल्या. मास्क राहिला असता तर वाचल्या असत्या का, हे मला माहीत नाही, कुणालाच नाही. ते मी माझ्या बाजूने मांडत नाही. त्यांना स्मशानात नेले तेव्हा सरांना जाता आले नाही. मी दुसऱ्या दिवशी डबी स्टुलावर ठेवली आणि घंटी दाबली. “गल्ली उघडली सर.” त्यांनी कवळी बसवली, जाळीपलीकडून हात जोडले आणि म्हणाले, “उपकार झाले, इंगोले.” प्रत्येक अक्षर जागच्या जागी.

आता ते खराडीला मुलीकडे असतात. तिथे भेटायला येणाऱ्यांना, कधी फोनवर मलासुद्धा, सांगतात की त्या दिवसांत इंगोल्यांनी पोटच्या मुलासारखे केले. त्या शेवटच्या फोनचा विषय निघाला की मुलीला म्हणतात, त्यांना बिचाऱ्यांना तरी काय कळणार, माझ्या तोंडात दात कुठे होते. मी ऐकून घेतो. त्यांची चूक दुरुस्त करत नाही.

एक गोष्ट उरली. ती सोडून बाकीचे सगळे सांगितले असते तर हा कबुलीजबाब नीटनेटका झाला असता, पण अपुरा राहिला असता.

बाई ‘नीट बोला की’ म्हणाल्या तेव्हा, आणि सर फोन धरून माझ्या पाया पडायचे शब्द बोलत होते तेव्हाही, मी तोंडावर पत्नीने शिवलेला दुपदरी मास्क बांधून उभा होतो. सरांना माझे डोळे तेवढे दिसत होते. त्यांना वाटले असेल की मी कानात प्राण आणून ऐकतो आहे. मी हसत होतो. ओठ मिटून, गाल दुखेपर्यंत हसत होतो. पडदा काळा झाला तरी ते हसू गेले नाही. जिना चढून दार लावेपर्यंत ते माझ्या तोंडावर होते.